न जेवणारे मांजर : शुश्रूषेचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी, परिसर अभ्यास)



पिंपळी व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्या घरी धान्याची पोती आहेत, त्या घरी बहुधा एखादे मांजर असतेच. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस वाढला. उसाच्या फडात उंदरांना वर्षभर आसरा मिळतो व तेथून ते घरात शिरतात. अशा ठिकाणी मांजर हे केवळ लाडाचे जनावर नसून घरच्या धान्याचे राखणदार आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढे ती खेडोपाडी पोचली. त्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ साली, गावोगाव मांजरे पाळल्यास उंदीर हटतील व प्लेगला आळा बसेल, असा विचार मांडला होता. आज आपल्याला हेही ठाऊक आहे की, रोगी उंदीर खाल्ल्याने मांजरालाही प्लेग होऊ शकतो. तरी धान्य राखण्याचे मांजराचे काम आजही चालू आहे.

असे असूनही बैल आजारी पडला तर ज्या घरी रातोरात डॉक्टर आणतात, त्याच घरी मांजर आजारी पडले तर, "पडून राहील कोपऱ्यात, बरे व्हायचे तर होईल," असे म्हणून सोडून देतात. त्याच्याकडे लक्ष असते ते घरातल्या मुलाचे. वडीलधाऱ्यांना वेळ नसतो, मग मूल शाळेत येऊन विचारते, "गुरुजी, आमची मनी कालपासून काहीच खाईना. तिला काय देऊ?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यात मांजराच्या जिवाचा प्रश्न आहे. आणि आजारी मांजराच्या तोंडात बोट घालणाऱ्या मुलाच्या जिवाचाही आहे. म्हणून या अंकात या विषयावरील पाठाची रूपरेषा देत आहे.

पाठाचा उद्देश

अन्न टाकणे हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. म्हणून "काय भरवू?" या प्रश्नाच्या आधी "का खात नाही?" हा प्रश्न विचारावा, आणि एका दिवसात त्याचे उत्तर मिळाले नाही तर दवाखाना गाठावा. एवढी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसली म्हणजे पाठाचा उद्देश सफल झाला असे समजावे. बाकीचा तपशील हा या एका गोष्टीचा विस्तार आहे.

पूर्वज्ञान व प्रस्तावना

आरंभी मुलांना स्वतःचा अनुभव सांगू द्यावा. ताप आला असता जेवणाची चव कशी लागते? सर्दीने नाक चोंदले की भाकरीचा वास येतो का? दाढ दुखत असता चावता येते का? मुले उत्तरे देतील, ती फळ्यावर मांडावी : ताप, चोंदलेले नाक, दुखरे तोंड, पोटदुखी, भीती. नंतर विचारावे, "मांजर बोलू शकत नाही. मग यांपैकी त्याला काय झाले आहे, हे आपण कसे ओळखावे?" येथून पाठ आपोआप पुढे सरकतो.

मांजर अन्न का टाकते ?

मांजर अन्नाची निवड मुख्यतः वासावर करते. सर्दीच्या विषाणूंनी त्याचे नाक चोंदले की पुढ्यातील मासाही त्याला अन्न वाटत नाही. यांतील काही विषाणूंमुळे जिभेवर फोड येतात. मग भूक असूनही ते ताटलीपाशी जाते, हुंगते व मागे फिरते. दात किडणे, हिरड्या सुजणे, हाडाचा तुकडा अडकणे यांमुळेही असेच होते. भांडणात लागलेल्या चाव्याची जखम वरून बुजते, आत पू होतो व ताप चढतो. लहान पिलांना होणाऱ्या एका घातक साथीत ताप, उलट्या व जुलाब होऊन पिलू एक-दोन दिवसांतच दगावते. या रोगावर प्रतिबंधक लस आहे. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडे निकामी होत जातात. तेव्हा ते पाणी फार पिते, पण खाणे कमी करते.

दोन कारणे मात्र अशी आहेत की त्यांत घटकाभरही थांबू नये.

पहिले, विषबाधा. उसात व घरात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडसारखे विष ठेवतात. मांजराने ते विषारी आमिष चाटले किंवा विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ला, तर उलट्या, लाळ, थरथर व धाप ही लक्षणे दिसू लागतात. विषाची पुडी अगर वेष्टन सोबत घेऊन तत्काळ दवाखान्यात जावे. घरी मीठपाणी पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये.

दुसरे, बोक्याची लघवी अडणे. बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो. पण थेंबही उतरत नाही. घरची माणसे याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. वास्तविक मूत्रमार्गात खडा अगर चिकट बोळा अडकलेला असतो, रक्तात विषारी द्रव्ये साठतात आणि एक-दोन दिवसांत बोका मरतो. म्हणून न जेवणाऱ्या बोक्याविषयी पहिला प्रश्न विचारावा तो हा की, "त्याने लघवी केली का?"

वेळेची मर्यादा

माणूस दोन-तीन दिवस उपास सहज सोसतो, त्यावरून मांजरही सोसेल असे आपण मानतो. हे अनुमान चुकीचे आहे. मांजराचे अन्न बंद पडले की अंगातील चरबी सुटून यकृताकडे येते. मांजराच्या यकृताला ती वेळेवर हाताळता येत नाही. ती तेथेच साठत जाते व यकृत काम करीनासे होते. मग कानांची आतली बाजू व हिरड्या पिवळ्या दिसू लागतात, मळमळ वाढते, आणि मळमळीमुळे मांजर आणखीच खात नाही. मूळ आजार साधा असला तरी या नव्या आजाराने ते दगावू शकते. गुबगुबीत मांजराला हा धोका अधिक असतो, हे मुलांना आश्चर्याचे वाटेल. परंतु कारण सांगितले म्हणजे पटेल.

म्हणून पुढील नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा :

मोठे मांजर पूर्ण एक दिवस, अगर लहान पिलू अर्धा दिवस काहीच खात नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. उलट्या, धाप, पिवळेपणा, झटके अगर लघवी बंद असेल, तर एक दिवसही थांबू नये.

अन्न कसे द्यावे ?

मांजर मूलतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या डोळ्यांस व हृदयास अवश्य लागते. ते मांस व मासळीत असते, धान्यात नसते. या द्रव्याच्या अभावी मांजराचे हृदय दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. घरच्या मांजराला दूधभाकरीवर ठेवले तरी ते जगते, कारण उंदीर व पाखरे मारून ते आपली उणीव भरून काढते. आजारी मांजराला शिकार करता येत नाही. म्हणून त्याला दूधभाकरी पुरत नाही. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही व जुलाब होतात. आजाऱ्याला दूध द्यावे हा आपला समज मांजराच्या बाबतीत सोडावा.

उकडलेले कोंबडीचे मांस मऊ कुसकरून, उकडलेले अंडे, अगर काटे काढलेला मासा द्यावा. त्यात मीठ, मसाला, कांदा व लसूण नसावा. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. अन्न कोमट करून द्यावे; कोमट अन्नाचा वास अधिक दरवळतो. सुकटीचा वास मांजराला फार प्रिय असतो. ती पाण्यात चांगली भिजवून, खारटपणा काढून, चिमूटभर अन्नावर घातली तर कधी कधी तेवढ्यानेच ते तोंड घालते. ज्या घरी मांसाहार होत नाही, तेथे काय द्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

नाक चिकटले असेल तर मोठ्या माणसाने कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने ते हलकेच पुसावे. मांजराची जागा शांत, उबदार व अंधूक उजेडाची असावी. पाणी जवळ ठेवावे; परंतु माती अगर वाळूची पाटी अन्नापासून दूर असावी. भोवती घोळका करून "खा, खा" म्हणू नये. अन्न ठेवावे, दूर व्हावे, अर्ध्या तासाने उरलेले उचलावे व पुन्हा ताजे ठेवावे.

पिचकारीने भरविण्याविषयी विशेष सावधगिरी हवी. डॉक्टरांनी पद्धत दाखविल्यावरच आणि मोठ्या माणसानेच हे करावे. मांजराचे डोके मागे न वाकविता, ओठांच्या कडेने, थोडे थोडे पातळ अन्न सोडावे. एक घोट गिळल्यावर दुसरा द्यावा. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांना सूज येते. उलट्या होत असतील, धाप लागली असेल किंवा मांजर शुद्धीवर नसेल, तर तोंडावाटे काहीही घालू नये. ज्याला अन्न नकोसे झाले आहे त्याला दाबून भरविल्याने त्या अन्नाचाच तिटकारा बसतो, हेही लक्षात ठेवावे.

काय देऊ नये ?

घरातील तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कदापि देऊ नये. माणसाचे यकृत हे औषध ज्या क्रियेने निरुपद्रवी करते, ती क्रिया मांजराच्या यकृतात फारच दुर्बळ असते. त्यामुळे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी अगर निळसर पडतात, तोंडावर सूज येते. एका गोळीनेही मांजर मरू शकते. प्रेमापोटी दिलेल्या गोळीने मुलाच्या हातून मांजर मरावे, याहून दुःखाची गोष्ट ती कोणती? म्हणून ही सूचना वहीत लिहवून घ्यावी. त्याचप्रमाणे कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराच्या अंगास लावू नयेत. ती त्याला विषासारखी बाधतात.

आपला हात सांभाळा

हा भाग शिक्षकाने स्वतः, स्पष्ट व गंभीरपणे सांगावा. अन्न न खाणारे मांजर पिसाळलेले असू शकते. कारणावाचून अंगावर येणे, लाळ गळणे, जबडा लोंबणे, गिळता न येणे, आवाज बदलणे, चालताना झोकांड्या जाणे ही त्याची चिन्हे होत. "घशात काहीतरी अडकले आहे" असे समजून मूल तोंडात हात घालते, आणि येथेच अनर्थ होतो. हा रोग लाळेतून पसरतो. त्याची लक्षणे माणसात उमटल्यावर उपाय जवळपास नाहीच. लक्षणांपूर्वी मात्र लस हा खात्रीचा उपाय आहे. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती प्रथम दिली व तो वाचला. आपल्या वर्गातील मुलांच्याच वयाच्या या मुलाची गोष्ट येथे अवश्य सांगावी.

कोणतेही मांजर चावले अगर ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. एकही खेप चुकवू नये. चावलेल्या मांजरावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी लस लांबणीवर टाकू नये. मार बसेल या भीतीने मुले चावा लपवितात. "चावा सांगणाऱ्या मुलाला कोणी रागावणार नाही," असे शिक्षकाने वर्गात उघड वचन द्यावे आणि पालकसभेतही तेच सांगावे.

मांजराच्या विष्ठेतून एक सूक्ष्म जंतू पसरतो, तो गर्भातील बाळास अपायकारक असतो. म्हणून घरातील गरोदर स्त्रीने मांजराची पाटी साफ करू नये, हा निरोपही मुलांकरवी घरी जावा.

निरीक्षण व गणित

मुलांना आजारी मांजराला हात न लावता पुष्कळ काही करता येते. एका कोऱ्या पानावर रकाने आखून द्यावे : वेळ, किती खाल्ले, पाणी, लघवी, शी, उलटी, श्वास, वागणूक. श्वास मोजण्याची रीत आधी वर्गात एकमेकांवर शिकवावी. मांजर स्वस्थ पडले असता दुरून त्याची कूस किती वेळा वरखाली होते, हे अर्धा मिनिट मोजावे व आलेल्या संख्येस दोनाने गुणावे. स्वस्थ मांजराचे श्वास मिनिटास साधारण वीस ते तीस असतात; विश्रांतीतही ते चाळिसांच्या वर गेले तर डॉक्टरांना कळवावे. असे भरलेले पान डॉक्टरांच्या हाती दिले म्हणजे त्यांचे निम्मे काम हलके होते. "बरं नाही" एवढेच सांगणारा पालक आणि "काल सकाळपासून लघवी नाही, दोन उलट्या, श्वास चव्वेचाळीस" असे सांगणारे मूल, यांतील फरक हेच या पाठाचे फळ होय.

याच ठिकाणी एक व्यावहारिक उदाहरण घालावे. चार किलो वजनाच्या मांजराला विश्रांतीत दिवसास सुमारे २०० किलोकॅलरी उष्मांक लागतात. १०० ग्रॅम उकडलेल्या कोंबडीच्या मांसात सुमारे १६५ किलोकॅलरी असतात. तर दिवसास मांस किती लागेल? उत्तर : सुमारे १२० ग्रॅम. परंतु उपाशी राहिलेल्या मांजराला एकदम पूर्ण अन्न सोसत नाही. पहिल्या दिवशी तृतीयांश द्यावे. म्हणजे ४० ग्रॅम. त्याचे सहा वाटे केले तर एका वेळेस किती? उत्तर : सात ग्रॅमांहून किंचित कमी. एवढे मांस ताटलीत ठेवून मुलांना दाखवावे. इतकाच घास पुरे असतो हे पाहिले म्हणजे दाबून भरविण्याचा मोह आपोआप सुटतो.

दवाखाना कोठे आहे ?

पशुवैद्यकीय दवाखाना हा गाई-म्हशींसाठीच असतो, असा गैरसमज आढळतो. मांजरालाही तेथे दाखविता येते. आपल्या केंद्रातील गावांना कोणता दवाखाना जवळ आहे, त्याची वेळ काय, तेथील पशुधन विकास अधिकारी कोण, ही माहिती शाळेच्या फलकावर असावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. तेव्हा हा आकडा शिक्षकांच्या सहज स्मरणात राहील. मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. पुणे-सातारा मार्गावर, नीरेकाठी शिरवळ येथील महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले. अवघड दुखण्यात डॉक्टर तेथे पाठवू शकतात.

मांजराला नेताना झाकणाची टोपली घ्यावी अगर जाळीदार पिशवीत जुने फडके घालावे. घरच्या फडक्याच्या वासाने ते शांत राहते. मोटारसायकलवर नुसत्या हातात धरून कधीही नेऊ नये.

उपाय हरल्यावर

सर्व करूनही काही मांजरे वाचत नाहीत. हे पाठात टाळू नये. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडे थकली असता, किंवा विष अंगात भिनले असता, डॉक्टर सांगतात की आता केवळ वेदना उरल्या आहेत. अशा वेळी वेदनारहित मरण देण्याचा मार्ग पशुवैद्यांजवळ असतो. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास मनाई करणारा १९६० चा कायदा असाध्य वेदनेतून प्राण्याची सुटका करण्यास आडकाठी करीत नाही. हा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांचा व डॉक्टरांचा. मुलाच्या शिरावर तो टाकू नये. पण त्याच्यापासून तो लपवूही नये.

"मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते," अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती मांजर मारणाऱ्याविषयीची आहे, तरी शुश्रूषा करणाऱ्या मुलालाही तिची धास्ती वाटू शकते, आणि "माझ्यामुळे गेली का?" हा प्रश्न ते मनातल्या मनात कुढत बाळगते. त्याला जवळ बोलावून सांगावे : "तू तिचे पाणी मोजलेस, श्वास मोजलेस, वेळेवर घरी सांगितलेस. दुखणे मोठे होते. तुझे काम तू केलेस." मृत मांजराला विहिरीपासून दूर, मोठ्या माणसांनी खोल खड्डा खणून पुरावे. पिसाळल्याचा संशय असल्यास त्याला उघड्या हाताने स्पर्श न करता प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

संकलन व स्वाध्याय

प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे १९७६ पासून आपल्या राज्यघटनेत नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती कर्तव्ये छापलेली असतात व मुले ती पाठ म्हणतात. पाठ म्हटलेले वाक्य आचरणात कसे उतरते, हे दाखविण्याची संधी घरच्या आजारी मांजराच्या रूपाने शिक्षकास अनायासे मिळते.

पुढील स्वाध्याय द्यावा :

१. आपल्या घरच्या अगर शेजारच्या निरोगी मांजराचे श्वास तीन वेळा मोजा व सरासरी काढा.
२. निरीक्षणाचा तक्ता आखून एक दिवस भरा.
३. घरात उंदरांचे औषध कोठे ठेवले आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारा. मांजर व धाकटी भावंडे यांच्यापासून ते दूर आहे का, ते त्यांनाच पाहावयास सांगा; स्वतः हात लावू नका.
४. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे ठिकाण व वेळ वहीत लिहा.
५. मांजर अन्न टाकते याची चार कारणे सांगा, आणि त्यांपैकी कोणत्या कारणात क्षणभरही थांबू नये ते कारणासह लिहा.

हा पाठ घेतल्यावर भरलेल्या तक्त्यांपैकी दोन-तीन चांगले तक्ते केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस आणावेत, अशी विनंती आहे.

— शिक्षण विस्तार अधिकारी